कडक मावशींचं लंगडं मेंढरू

इस्पितळाच्या तळघरात धुलाई विभाग होता, आणि त्या विभागातल्या वाफेच्या मोठ्या इस्त्रीपाशी कडक मावशी तेवीस वर्षं उभ्या होत्या. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे कोट, रुग्णांचे ढगळ झगे, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. त्यांच्या हातची चादर भिंतीला टेकवली तर उभी राहील, असं वॉर्डातल्या नर्सा म्हणायच्या. 'कडक' हे नाव पडलं ते त्या इस्त्रीवरून. स्वभावावरून पडलं असतं तर 'मऊ मावशी' म्हणावं लागलं असतं. बाईंना रागावताच येत नसे. रागवायला गेल्या की मध्येच हसू फुटायचं, आणि समोरचा सुटायचा.

आठवड्याचे सहा दिवस असे वाफेत जायचे. सातवा दिवस त्यांचा स्वतःचा. रविवारी सकाळी चर्चच्या मागच्या खोलीत, मोडक्या बाकांच्या आणि बंद पडलेल्या पेटीच्या सोबतीत, त्या पाच ते आठ वर्षांच्या मुलांना संडे स्कूलमध्ये शिकवायच्या. याची सुरुवातही गंमतशीरच झाली होती. आधीची शिक्षिका लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, तेव्हाचे पाळकसाहेब मावशींना म्हणाले, "दोन रविवार सांभाळून घ्या, तोवर कोणीतरी बघतो." त्या दोन रविवारांची एकोणीस वर्षं झाली. ते पाळक निवृत्त झाले, त्यांच्या जागी दुसरे आले, पण 'कोणीतरी' काही आलं नाही.

मावशींचं शिक्षण सातवीपर्यंतचं. शिकवायचं कसं हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. बायबलमधल्या बोधकथेचा एखादा दाखला वाचायचा, आठवडाभर इस्त्री करता करता तो मनात घोळवायचा आणि रविवारी मुलांच्या मधोमध चटईवर बसून सांगायचा, एवढंच त्यांना ठाऊक. मुलं तोंडाचा 'आ' करून ऐकायची. पण मोठ्या मुलांना शिकवणारी बँकेतली तरुण मुलगी फळ्यावर तक्ते काढायची, मुद्दे लिहायची. ते पाहिलं की मावशींना वाटायचं, आपलं हे सगळं म्हणजे अंधारात चाचपडणं आहे. खरी विद्या काही वेगळीच असणार.

म्हणून त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर पाळकसाहेबांनी उपासनेनंतर त्यांना थांबवून घेतलं आणि हातात एक पत्र दिलं, तेव्हा त्यांनी ते तीनदा वाचलं. ख्रिस्ती शिक्षकांची उन्हाळी प्रशिक्षण परिषद. पाच दिवस. राहण्याजेवण्याची सोय. प्रत्येक चर्चच्या मंडळीतून एक प्रतिनिधी.

"म्हणजे बँकेतल्या पोरीला पाठवायचंय का?" मावशींनी विचारलं. "मी सांगते तिला."

"तुम्हाला पाठवायचंय," पाळकसाहेब म्हणाले.

"मला? अहो, मी काय करू तिथे? तिथे शिकलेली माणसं येतील."

"मग तुम्हीही शिकून या. एकोणीस वर्षं शिकवताय. पाच दिवस शिकायला नकोत?"

मावशी घरी आल्या त्या चालत आल्या की उडत, हे त्यांनाच कळलं नाही. नवरा मोरीतल्या नळाचा वायसर बदलत बसला होता. तो नळदुरुस्तीचीच कामं करायचा. गावभरचे नळ दुरुस्त होते, घरचाच तेवढा सहा महिने गळत होता. पत्र ऐकून तो पान्हा हातात धरून हसला.

"हुरळली मेंढी, लागली लांडग्याच्या पाठी," तो म्हणाला. "पाच दिवस! तुला घराशिवाय झोप तरी लागेल का?"

"न लागायला काय झालं? अंथरूण काय तुम्ही एकट्यानेच शोधून काढलंय?"

"आणि माझ्या जेवणाचं?"

"नळ जोडता येतात ना? भात लावायचा असतो, जोडायचासुद्धा नसतो."

खरा प्रश्न रजेचा होता. धुलाई विभागाचे मुकादम म्हणजे फणस. तेवीस वर्षांत मावशींनी दोन बाळंतपणं आणि आईचं आजारपण सोडून रजा म्हणून मागितली नव्हती. अर्ज हातात घेऊन त्या उभ्या राहिल्या तेव्हा मुकादमांनी चष्म्यावरून पाहिलं. "कारण?"

"शाळेत जायचंय."

"कोणाच्या?"

"माझ्याच. मीच जाणार आहे शाळेत."

मुकादमांनी सही ठोकली आणि म्हणाले, "जा. पण पहिला नंबर काढून या. इथल्या चादरी तोवर चुरगळलेल्याच राहतील, दुसरं काय."

परिषद भरली होती एका जुन्या वसतिगृहाच्या शाळेत. मुलं सुट्टीला गेलेली, त्यांच्या खोल्यांतून आता शिक्षक उतरलेले. मावशी बसमधून उतरल्या ते दीड तास आधीच. नोंदणीच्या टेबलावर अजून कापडसुद्धा अंथरलेलं नव्हतं. टेबलावरच्या मुलीने त्यांच्या गळ्यात नाव लिहिलेलं कार्ड अडकवलं. निळी फीत, पारदर्शक पाकीट, आत टपोऱ्या अक्षरात नाव आणि त्याखाली शब्द: 'शिक्षिका'. मावशींनी ते कार्ड दिवसभरात किती वेळा सरळ केलं, त्याला सुमार नाही. इस्पितळातही त्यांच्या गळ्यात कार्ड असायचं. त्याच्यावर 'कामगार, धुलाई' असं लिहिलेलं होतं आणि त्याची त्यांना कधी लाज वाटली नव्हती. पण हे कार्ड म्हणजे कोणीतरी त्यांच्या रविवारांना पहिल्यांदा नाव दिल्यासारखं होतं.

खोलीत दोन खाटा होत्या. दुसऱ्या खाटेवर एक उंच, सडसडीत, पांढऱ्या केसांच्या बाई आदल्या रात्रीच येऊन पुस्तकांची चळत लावून बसल्या होत्या. छत्तीस वर्षं शाळेत, त्यातली अकरा मुख्याध्यापिका म्हणून, आता निवृत्त. बोलणं मोजूनमापून. त्यांनी मावशींकडे पाहिलं, मग मावशींनी पिशवीतून काढलेल्या कपड्यांकडे.

"या घड्या तुम्ही घातल्यात?" त्यांनी विचारलं.

"हो. का हो, चुकलं काही?"

"चुकलं? आयुष्यात इतकी सरळ घडी पाहिली नाही मी." आणि मुख्याध्यापिकाबाई पहिल्यांदा हसल्या.

त्या एका घडीवर मैत्री जमली. संध्याकाळपर्यंत बाईंचा उद्याचा पोशाख मावशींनी गादीखाली दाबून सरळ केला होता, आणि मावशींच्या वहीवर बाईंनी रेघा आखून दिल्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून धूमधडाका सुरू झाला. सकाळी सभागृहात दोनशे माणसं एका सुरात गाऊ लागली, तेव्हा मावशींच्या अंगावर काटा आला. त्यांच्या मंडळीत चाळीस माणसं, त्यातली निम्मी बेसूर. इथे छत हलत होतं! मग हावभावांची गाणी. साठीचे गृहस्थ ससा होऊन उड्या मारत होते, एक जाडजूड काका झाड झाले होते. मावशींनी पहिल्या गाण्याला इकडेतिकडे पाहिलं, दुसऱ्याला हात वर केले आणि तिसऱ्याला अशी गिरकी घेतली की शेजारचीचा चष्मा उडाला.

आणि ते वर्ग! मुलं एका जागी किती वेळ बसू शकतात, रडणाऱ्या मुलाशी काय बोलायचं, जे मूल बोलतच नाही त्याला वर्गात कसं घ्यायचं. प्रशिक्षण देणारी बाई तिशीची होती, केस आखूड, आवाज खणखणीत. ती एकेक गोष्ट सांगायची आणि मावशींच्या मनात एकेक मूल उभं राहायचं. 'अगंबाई, म्हणजे ती कोपऱ्यातली पोर म्हणून असं करते होय!' त्यांची वही भरत चालली. लिहिण्याचा वेग कमी, म्हणून जिथे शब्द मागे पडायचे तिथे त्या चित्र काढायच्या. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी नवऱ्याला फोन केला.

"कसं चाललंय?" त्याने विचारलं.

"अहो, काय सांगू! मी आज बेडूक झाले होते."

"बरं," नवरा म्हणाला. "भात करपला. बाकी ठीक."

तिसऱ्या दिवशी प्रात्यक्षिक होतं. तीस-तीस जणांचे गट, प्रत्येकाने दहा मिनिटं शिकवायचं, बाकीच्यांनी सहा वर्षांची मुलं व्हायचं. चिठ्ठ्या टाकल्या, आणि पहिलीच चिठ्ठी मावशींची निघाली. समोर खुर्च्या मांडलेल्या पाहून त्या म्हणाल्या, "खुर्च्या नकोत. सगळे खाली बसा." तीस प्रौढ माणसं कण्हत कुंथत फरशीवर बसली, मावशी त्यांच्या मधोमध बसल्या आणि त्यांनी हरवलेल्या मेंढराचा दाखला सुरू केला.

सुरू केला आणि सगळं विसरल्या. परिषद विसरल्या, तक्ते आणि मुद्दे विसरल्या. मेंढपाळ मोजतोय, नव्याण्णवला येऊन थांबतोय, पुन्हा पहिल्यापासून मोजतोय. तीस माणसं त्याच्याबरोबर मोजू लागली. ते मेंढरू एका पायाने लंगडं. कळप पुढे निघून गेला तरी बिचारं आपलं लंगडत मागेच. हाका मारतंय, कोणाला ऐकू जात नाहीत. मावशींनी लंगडा पाय ओढून दाखवला, हाक मारून दाखवली. शेवटी मेंढपाळाने त्याला खांद्यावर घेतलं तेव्हा कालचे ते झाड झालेले काका रुमाल शोधत होते.

टाळ्या पडल्या. अशा पडल्या की शेजारच्या गटातली माणसं दारात येऊन डोकावली. मावशींचे कान लाल झाले.

मग मुख्याध्यापिकाबाईंचा हात वर आला.

"फार सुंदर," त्या म्हणाल्या. "मी छत्तीस वर्षांत असं सांगू शकले नाही. पण एक विचारू? मेंढरू लंगडं होतं, हे कुठे लिहिलंय?"

"पवित्र शास्त्रात," मावशी म्हणाल्या. "दाखल्यातच आहे की!"

"नाही हो. नाही आहे."

"असं कसं? एकोणीस वर्षं सांगतेय मी!"

कोणीतरी बायबल उघडून पुढे केलं. मावशींनी वाचलं. पान उलटलं, मागे गेल्या, पुन्हा वाचलं. मेंढपाळ होता. शंभर मेंढरं होती. हरवलेलं होतं, सापडलेलं होतं, खांदा होता, आनंद होता. लंगडा पाय मात्र कुठेच नव्हता. ते मेंढरू चांगलं धडधाकट चार पायांवर हरवलेलं होतं.

मावशींना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. "मग हे मी आणलं कुठून?" त्या पुटपुटल्या.

"ध चा मा व्हायला वेळ लागत नाही," मुख्याध्यापिकाबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "मला तुम्हाला दुखवायचं नव्हतं. पण मुलं आपल्यावर विश्वास ठेवतात."

बोलणं खरं होतं, म्हणून तर जास्त लागलं. मावशी खाली बघत राहिल्या आणि हळूहळू त्यांना आठवू लागलं. शिकवायला लागल्याचं पहिलंच वर्ष. हाच दाखला. वर्गात सहा वर्षांची एक मुलगी होती, आदल्या आठवड्यात बाजारात आईचा हात सुटून हरवलेली. दोन तासांनी सापडली आणि मग घरीदारी सगळ्यांनी तिला फैलावर घेतलं, हूड आहे, ऐकत नाही म्हणून. दाखला ऐकताना एका मुलाने विचारलं, "मावशी, मेंढरू वाईट होतं का?" आणि ती मुलगी खाली मान घालून बसली. तेव्हा मावशींच्या तोंडून निघून गेलं, "नाही रे, वाईट नव्हतं. त्याचा पाय लंगडा होता." मुलीने मान वर केली. पुढच्या वर्षी तोच पाय तोंडात आला, त्याच्या पुढच्या वर्षीही, आणि मग तो कुठून आला हे मावशी स्वतःच विसरून गेल्या.

हे त्यांनी जसं आठवलं तसं सांगून टाकलं. सांगून झाल्यावर प्रशिक्षण देणारी बाई जागेवरून उठली आणि त्यांच्यासमोर येऊन फरशीवर बसली.

"मावशी, तुम्ही त्या मुलीला उत्तर दिलंत, ते मायेने दिलंत," ती म्हणाली. "पण बाईंचं म्हणणंही खरं आहे. जे लिहिलंय ते लिहिलंय म्हणून सांगायचं, आणि जे आपल्याला वाटतं ते 'मला वाटतं' म्हणून सांगायचं. दोन वेगळ्या टोपल्या. आणि अजून एक करून बघा. पुढच्या वेळी कोणी विचारलं ना, मेंढरू कसं हरवलं, तर तुम्ही उत्तरच देऊ नका."

"मग?"

"मुलांनाच विचारा."

एवढंच बोलणं. पण मावशींच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मुलांनाच विचारायचं! एकोणीस वर्षं त्या सांगत होत्या आणि मुलं ऐकत होती. त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. मघाची शरम कुठल्या कुठे गेली; आता एकच हुरूप, कधी एकदा करून बघते.

खोलीवर परतल्यावर मुख्याध्यापिकाबाई खाटेच्या कडेला अवघडून बसल्या होत्या. "रागावलात?" त्यांनी विचारलं.

"मला रागावता येत नाही," मावशी म्हणाल्या. "पण आधी कानात सांगितलं असतं तर बरं झालं असतं."

"चुकलंच माझं. मुख्याध्यापिका निवृत्त होते, लाल पेन होत नाही."

यावर दोघी इतक्या हसल्या की शेजारच्या खोलीतून भिंतीवर टकटक झाली.

चौथ्या दिवशी खरी मुलं आली. आसपासच्या वस्तीतली पाच ते आठ वर्षांची पाऊणशे मुलं परिषदेने बोलावली होती, प्रत्येक गटातून निवडलेल्या एकेका शिक्षकाला सराव व्हावा म्हणून. मावशींच्या वाट्याला अकरा आली. मुख्याध्यापिकाबाई निरीक्षणाला मागे बसल्या, मांडीवर वही, हातात पेन्सिल.

मावशींनी दाखला सांगितला, जसा आहे तसा, लंगड्या पायाशिवाय. मेंढपाळ मेंढराला खांद्यावर घेऊन घरी आला आणि मावशींनी मुलांकडे पाहिलं. "कसं हरवलं असेल रे ते?"

मुलं एकमेकांकडे बघू लागली. जिभेच्या टोकावर लंगडा पाय येऊन उभा होता. त्यांनी तो गिळला.

"त्याला तहान लागली असेल," एक जण म्हणाला.

"भावाशी भांडण झालं असेल!"

"मेंढपाळाचंच चुकलं. त्याने आधी मोजायला पाहिजे होतं."

"ते फुलपाखराच्या मागे गेलं. मी पण जातो."

आणि मग धबधबाच सुरू झाला. एक बोलतोय तोवर दुसरा गुडघ्यावर उभा. मावशी प्रत्येकाला "असं वाटतं तुला? मग?" एवढंच म्हणत होत्या, आणि त्या 'मग' वर गोष्ट पुढे पुढे धावत होती. सगळ्यांत मागे एक लहानखुरी मुलगी गुडघ्यांना मिठी मारून बसली होती. ती सगळ्यांचं संपल्यावर म्हणाली, "ते हरवलं नव्हतंच. ते लपलं होतं. कोणी शोधायला येतं का, ते बघत होतं."

मागे मुख्याध्यापिकाबाईंची पेन्सिल थांबलेली त्यांना दिसली.

"मग आलं का कोणी?" मावशींनी विचारलं.

"आलं ना," मुलगी म्हणाली, जणू हे विचारायचं काय. "तुम्हीच तर सांगितलं."

वर्ग सुटल्यावर मुख्याध्यापिकाबाईंनी वही मावशींच्या हातात दिली. वरच्या दोन ओळी सुवाच्य अक्षरात होत्या. त्याखालचं पान कोरं. "लिहायचं राहूनच गेलं," त्या म्हणाल्या. "मीही उत्तर शोधत बसले होते."

पाचव्या दिवशी दुपारी मावशी घरी परतल्या. पिशवी खाली ठेवायच्या आधीच त्यांनी नवऱ्याला सगळं सांगायला सुरुवात केली, आणि लंगड्या पायापाशी आल्यावर त्याने त्यांना हात करून थांबवलं. "एक मिनिट. ते लंगडं नव्हतं?"

"नव्हतं."

"अगं, मी परवाच एका गिऱ्हाइकाला सांगितलं ते! म्हणजे आपण एकोणीस वर्षं अख्ख्या मंडळीला लंगडं मेंढरू खपवलं?"

"खपवलं. आता रविवारी सांगून टाकणार आहे."

आणि त्यांनी सांगितलं. मुलांच्या आधी पाळकसाहेबांना, मग मागच्या खोलीत मुलांना. ते लंगडेपण शास्त्रातलं नाही, ते माझं होतं, मी चुकून मिसळलं, असं सरळ सांगितलं. मुलांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. मावशींचं चुकू शकतं, याचाच त्यांना जास्त आनंद झाला. मग मावशींनी विचारलं, "तर मग कसं हरवलं असेल?" आणि जो कालवा उठला, तो पुढच्या खोलीतल्या मोठ्या मुलांना ऐकू गेला. बँकेतली मुलगी खडू हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली.

"मावशी, काय चाललंय हे?"

"ये, बस," मावशी सरकून जागा करत म्हणाल्या. "तुझ्या पोरांनापण आण. तुला काय वाटतं, कसं हरवलं?"

तिने हातातला खडू बाजूला ठेवला, आपल्या मुलांना हाक मारली आणि चटईवर बसली.